आत्याच्या घरातली चोंबडी

माझी आत्या ताडपत्र्या शिवते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची कव्हरं, ट्रकची कव्हरं, दुकानांपुढची छपरं, पिकावर टाकायची आच्छादनं, आणि एकदा तर एका माणसाच्या अख्ख्या होडीचं कव्हर! ते तिच्या खोलीत मावेना म्हणून अर्धं रस्त्यावर पसरून शिवलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला चपला काढून त्यावरून चालायला लावलं. "पाय ठेवा, चपला नको, गिऱ्हाइकाचा माल आहे!" असं ओरडत. आणि लोक काढायचेसुद्धा. आत्याचा आवाजच तसा आहे, तिने सांगितलं तर ट्रकवाला टायर काढून हातात घेईल.

तिचं मशीन टेबलावर नाही. एवढं जड कापड टेबलावर ओढत बसलं तर खांदे निखळतील. म्हणून खोलीच्या मधोमध फरशीत खड्डा केलाय, मशीन फरशीच्या पातळीला बसवलंय आणि आत्या खड्ड्यात पाय सोडून बसते. चहूबाजूंनी निळ्या कापडाचं तळं आणि मधे आत्या, कमरेपासून वर. लहानपणी मला खरंच वाटायचं की आत्याला पाय नाहीत, ती तिथेच उगवलीय. दोरी ओवायच्या भोकांना रिंगा ठोकायची वेळ आली की मग ती वर येते आणि हातोडी घेऊन ताडपत्रीच्या कडेकडेने रांगते. गुडघ्यांना जुन्या ट्यूबचे तुकडे बांधलेले असतात, समोरच्या पंक्चरवाल्या काकांनी कापून दिलेले.

आतोबा ट्रक चालवायचे. एकदा त्यांच्या ट्रकचं कव्हर फाटलं, माल भिजला, मालकाने तोंड सोडलं. आत्याने मोठी सुई आणि मेण लावलेला दोरा घेऊन ते कव्हर हाताने शिवून दिलं. टाका असा घट्ट बसला की मालकाने पुढची दोन कव्हरं तिच्याकडेच धाडली. सुरुवात ही अशी झाली. आतोबा गेले तेव्हा सगळे म्हणत होते आता हिचं कसं होणार, आणि आत्या काही दिवसांतच पुन्हा खड्ड्यात. कोणी विचारलं तर म्हणायची, "रडते की, मशीन चालू असताना रडते, कोणाला ऐकू येत नाही."

तिची वस्ती म्हणजे धड गाव नाही, धड शहर नाही. रस्त्याच्या एका अंगाला शेतं, दुसऱ्या अंगाला गोदाम, पंक्चरचं दुकान आणि सात-आठ घरं. वीज जाते, येते, पुन्हा जाते. कोणी त्याची दखलसुद्धा घेत नाही.

आत्याला साखरेचा आजार आहे. आणि कामात बुडाली की जेवायचं विसरते, बास. मागच्या उन्हाळ्यात ती फाटकापाशी चक्कर येऊन पडली, कपाळाला खोक पडली. तिची मुलगी, म्हणजे माझी ताई, शहरात असते. ती दुसऱ्या दिवशी धावत आली आणि आली तीच बोलायला लागली.

"आई, बास झालं. सामान बांध, माझ्याकडे चल."

"काय बांधू? हे मशीन काढायचं तर फरशी फोडावी लागेल."

"मशीन नकोच आणूस."

आणि आत्या गप्प झाली. माझी आत्या! मी तिथेच बसले होते, मी तिला आयुष्यात पहिल्यांदा गप्प झालेलं बघितलं. ती तिच्या हातांकडे बघत होती, आणि मग हळूच म्हणाली, "मग मी तिकडे दिवसभर करू काय?"

ताईला पण रडू आलं, पण ती ताई आहे, ती लगेच उपाय शोधते. तिचं कामच ते आहे. ती ज्या कंपनीत आहे तिथे घराला शहाणं करतात, म्हणजे भिंतीवर छोट्या डब्या लावतात आणि त्या बघत राहतात की घरातलं माणूस कधी उठतं, कुठल्या खोलीत असतं, दार कधी लागतं. काही दिवसांत घराला तुमच्या सवयी कळतात. मग ते आपणहून दिवे लावतं, पंखा बंद करतं, आणि काही वेगळं घडलं की तुमच्या माणसाला फोनवर कळवतं.

ताई म्हणाली, "ठरलं तर. हिवाळा संपेपर्यंत बघू. डब्या नीट चालल्या आणि तू नीट राहिलीस तर राहा इथेच. पण एकदा जरी माझ्या जिवाला घोर लागला ना, तर काही ऐकणार नाही, तू माझ्याकडे."

"चालेल," आत्या म्हणाली. पण तिचा चेहरा पडलेलाच होता.

तर डब्या आल्या. पांढऱ्या, साबणाच्या वडीएवढ्या, स्वयंपाकघरात एक, शिलाईच्या खोलीत एक, दारावर एक. आणि त्यातली स्वयंपाकघरातली चक्क बोलायची! आत्याने पहिल्याच दिवशी तिचं नाव चोंबडी ठेवलं.

चोंबडी सकाळी म्हणायची, "आपण अद्याप उठलेल्या दिसत नाही. सर्व कुशल आहे ना?"

आत्या मागच्या अंगणातून ओरडायची, "अगं बये, मी उजाडायच्या आधीपासून इथे ताडपत्री धुतेय! तूच आत्ता उठलीस!"

पण अंगणात डबी नव्हती, त्यामुळे चोंबडीला ऐकू जायचं नाही, आणि ती ताईला कळवायची की आई उठली नाही. ताईचा फोन. आत्याचे हात साबणाचे. फोन वाजतोय, उचलला नाही. ताईचा पुन्हा फोन. मग ताईचा पंक्चरवाल्या काकांना फोन. मग काका रस्ता ओलांडून येणार आणि म्हणणार, "वहिनी, तुम्ही जिवंत आहात का ते विचारलंय."

"सांगा, विचार करून कळवते म्हणून."

रोज! रोज हेच. ती डबी बनवली होती शहरातल्या फ्लॅटसाठी, जिथे दार बंद असतं, आत एकच माणूस असतं आणि वीज जात नाही. आत्याचं दार उजाडलं की सताड उघडं, ते अंधार पडेपर्यंत. चोंबडी दिवसभर कोकलायची, "मुख्य दार उघडे आहे. मुख्य दार उघडे आहे." शेजारच्या काकूंच्या कोंबड्या आत शिरल्या की ताईच्या फोनवर यायचं, अनोळखी व्यक्ती. वीज गेली की यायचं, संपर्क तुटला, आणि ते वाचून ताईचं ऑफिसमध्ये काळीज लटपटायचं.

सगळ्यात कहर म्हणजे शिलाईची खोली. तिथल्या डबीला कळायचंच नाही की आत कोणी आहे. कारण आत्या खड्ड्यात! भिंतीवरून बघणाऱ्या डबीला कापडाच्या ढिगातून वर आलेलं एक डोकं दिसणार, तेही हलत नाही. मग ती ठरवायची, खोली रिकामी आहे, आणि दिवा घालवायची. आत्या सुईखाली बोट घालून बसलेली आणि फट्, अंधार. मग आत्या दोन्ही हात वर करून हलवायची, की दिवा यायचा. बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं आत्या बोलावतेय. लोक आत यायचे.

"काय हो, बोलावलंत?"

"तुम्हाला नाही, दिव्याला!"

मला हसून हसून पुरेवाट व्हायची, पण आत्या हसायची बंद होत चालली होती. कारण प्रत्येक खोट्या गजरानंतर ताईचा आवाज थकत चालला होता. एकदा ती फोनवर म्हणाली, "आई, असं नाही चालणार. मला इथे काम सुचत नाही. आपण हे थांबवू या का?" थांबवू या म्हणजे काय ते आत्याला कळलं. तिने घरी आलेलं मोठं काम परत पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाली, मी असेन-नसेन, कशाला घेऊ.

आणि इथे वस्तीने डोकं चालवलं. मी हॉस्टेलला असते, फक्त रविवारी येते आणि तेव्हा डबीपुढे मीच हलत असते, त्यामुळे मला हे सगळं नंतर कळलं. पंक्चरवाल्या काकांनी आणि कोंबड्यांच्या काकूंनी मिळून ठरवलं की चोंबडीला खूश ठेवायचं. काकांनी बरोबर ताडलं होतं की डबीला फक्त हालचाल हवीय. कोणाची, ते तिला कळत नाही. झालं तर! सकाळी आत्या अंगणात असली की काकू स्वयंपाकघरात जाऊन डबीपुढे दोन फेऱ्या मारणार. दुपारी काका हवा भरता भरता उठून शिलाईच्या खोलीत डोकावणार आणि हात हलवून जाणार. गिऱ्हाईक आलं की त्यालाही सांगायचं, "आधी त्या डबीला हात दाखवा, मग कव्हर बघा." बाहेर पडताना दार ओढून घ्यायचं, म्हणजे ते कोकलणं बंद. वीज जाते म्हणून काकांनी त्यांच्याकडची एक जुनी बॅटरी डबीला जोडून दिली.

आणि आत्याला हे सगळं माहीत होतं. माहीत होतं आणि ती मजा बघत होती. पुन्हा हसायला लागली होती, परत पाठवलेलं काम पण परत मागवलं.

तिकडे ताईच्या फोनवर सगळं हिरवं! ती इतकी खूश की मला फोन करून म्हणाली, "अगं, घर शिकलं! आईच्या सवयी बरोबर शिकलं!" तिने ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. मी पण खूश. मला काय माहीत घर काय शिकलंय ते.

मग एक दिवस कॉलेजला अचानक सुट्टी मिळाली आणि मी न कळवता आत्याकडे गेले. मधल्याच वारी, ऐन दुपारी. दार बंद. आत्याचं दार, दुपारी, बंद! मला कसंतरीच झालं. काकू त्यांच्या अंगणात दाणे टाकत होत्या.

"काकू, आत्या कुठेय?"

"आहे की घरात. मी आत्ता आत जाऊन फिरून आले डबीपुढे."

"तुम्ही बघितलं तिला?"

काकूंचा हात तिथेच थांबला. "नाही गं. मला वाटलं काकांच्या दुकानात असेल."

काका समोरून म्हणाले, "मला वाटलं गिऱ्हाइकाकडे गेली. मी पण आत्ताच हात दाखवून आलो."

मी धावले. स्वयंपाकघर, शिलाईची खोली, मागचं दार. आत्या अंगणात पाण्याच्या टाकीपाशी पडली होती, अर्धवट धुतलेल्या ताडपत्रीवर, एका कुशीवर. चेहरा घामाने भिजलेला, ओठ पांढरे. मी ओरडले की काय मला आठवत नाही, काकू म्हणतात मी ओरडले. काकांनी तिला बसती केली, काकूंनी साखरेचं पाणी आणलं, आम्ही चमच्याने तिच्या ओठांना लावत राहिलो, लावत राहिलो, आणि मग तिने घोट घेतला. मग दुसरा. मग डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आज कॉलेज नाही वाटतं?"

मी तिच्या गळ्यात पडून इतकी रडले! काका पण भिंतीकडे तोंड करून उभे होते.

आणि आत स्वयंपाकघरातून चोंबडीचा गोड आवाज आला. "आजचा दिवस उत्तम चालला आहे."

डॉक्टर येऊन गेले. ताई संध्याकाळच्या बसने आली. आत्या पलंगावर बसून होती, आम्ही सगळे भोवती. ताईने फोन काढला आणि स्क्रीन बघत बसली, आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"आई, तू मागे पडली होतीस ना? मग स्वयंपाकघरात कोण फिरत होतं?"

काकांनी काकूंकडे बघितलं.

"शिलाईच्या खोलीत कोण होतं?"

काकू रडायला लागल्या. "मी फिरत होते गं. रोज मीच फिरते."

"आणि मी हात दाखवतो," काका म्हणाले. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शिव्या घाला मला."

ताईने सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. "म्हणजे इतके दिवस तुम्ही सगळ्यांनी मिळून मला फसवलंत? मी तिकडे निवांत झोपत होते!"

"फसवायचं नव्हतं गं, तुला घोर नको लागायला एवढंच..." काकू म्हणाल्या.

"घोर लागायला हवा होता! त्यासाठीच तर लावल्या होत्या डब्या!"

आणि मग आत्या बोलली. नेहमीचा आवाज नाही, साधा, खालचा आवाज. "त्यांना बोलू नकोस. मला सगळं माहीत होतं. मी थांबवू शकले असते, नाही थांबवलं. तुझं ते हिरवं हिरवं राहिलं की मला इथून जावं लागणार नव्हतं. म्हणून. चुकले मी. आता तू म्हणशील तसं. येते मी तुझ्याबरोबर."

मला वाटलं संपलं. खरंच वाटलं, आता उद्या फरशी फोडणार.

पण ताईने फक्त ऑफिसला फोन लावला. तिने आठवडाभर रजा टाकली. सामान बांधायला, असं म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती दाराच्या पायरीवर चहा घेऊन बसली ती उठेचना. बघत राहिली. काकू येता-जाता आत डोकावून "काय गं, उठलीस?" विचारतात. काका दुकानातून मान वर करून बघतात. गोदामाचा राखणदार सायकलवरून जाताना घंटी वाजवतो आणि आत्या आतून "हो" म्हणून ओरडते. आणि दार उघडं. दुपारी उघडं, जेवताना उघडं. मी पायरीवर तिच्याशेजारी बसले तर म्हणाली, "काल तुला कशामुळे शंका आली?"

"दार बंद होतं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आमची डबी दार उघडं दिसलं की ओरडते. आणि काल दार बंद होतं म्हणून ती खूश होती."

"हं."

"अगं, उलटं आहे सगळं! या घरात दिवसा दार बंद असेल तर काळजी करायची. आम्ही तिला दुसऱ्याच घराच्या सवयी शिकवून पाठवलं." आणि ती तशीच उठून लॅपटॉप आणायला पळाली.

पुढचे दिवस नुसती धमाल आणि भांडणं. ताईने सगळ्यांना शिलाईच्या खोलीत बसवलं आणि विचारलं, आई बरी आहे हे तुम्हाला कसं कळतं? काका म्हणाले मशीनच्या आवाजावरून. मशीन बराच वेळ गप्प आणि टाकीचं पाणी पण वाजत नसेल तर ती कुठेतरी चक्कर येऊन बसलीय. मग ताईने भिंतीवरची ती आंधळी डबी काढली आणि मशीनच्या प्लगवर एक छोटी डबी लावली, मशीन चालू की बंद एवढंच सांगणारी. दुसरी पाण्याच्या मोटरवर. काकांची बॅटरी राहिली, कारण वीज जाणं हे आत्याच्या घरात नेहमीचं आहे, त्याला गजर कशाला? कोंबड्यांचं पण तेच. दाराच्या डबीला उलटं शिकवलं, दिवसा बराच वेळ बंद दिसलं की गजर. आणि चौकटीवर एक मोठं लाल बटण, आत्या बरी आहे हे घराला कळवायला.

"हे ज्याने आईचं तोंड स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं त्यानेच दाबायचं," ताई म्हणाली. "घरात आहे असं वाटलं म्हणून नाही. बघितलं तरच."

काकू म्हणाल्या, "माझ्या कोंबड्यांची शपथ."

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गजर आता आधी ताईकडे जात नाही! ताई बसने येणार कधी आणि करणार काय? गजर वाजतो समोर, पंक्चरच्या दुकानात. काकांनी एका भंगार ट्रॅक्टरचा भोंगा काढून दिला. पहिल्यांदा वाजवून बघितला तेव्हा गोदामातली सगळी माणसं बाहेर आली. ताईला फोन जातो तो नंतर, कोणीतरी आत जाऊन बघितल्यावर.

चोंबडीला पण बोलायला नवीन शिकवलं. "सर्व कुशल आहे ना" बंद. आता ती दुपारी म्हणते, "मशीन थांबव, जेवून घे." ताईच्याच आवाजात. आत्या म्हणाली, "हे तर आणखी वाईट. आधी परकी चोंबडी होती, आता पोटची."

"तुझ्यावर गेलीय," ताई म्हणाली.

सामान बांधायचं राहूनच गेलं. पण ताईने अट सोडली नव्हती, जाताना पुन्हा म्हणाली, "हिवाळा संपेपर्यंत."

तर सगळं सुरळीत झालं असं वाटेल, पण कुठलं! एका रविवारी भरदुपारी भोंगा वाजला. काका हातातला पाना टाकून धावले, काकू धावल्या, राखणदार सायकल टाकून धावला, दार धडाधडा वाजवलं, आणि आत्या ओले केस घेऊन बाहेर आली, रागाने लालबुंद.

"माणसाने अंघोळ पण करायची नाही का?"

"दार बंद होतं, वहिनी..."

"मग अंघोळ काय दार उघडं टाकून करू? आणि ऐका, मला कधीकधी दार लावून नुसतं बसायचं पण असतं! एकटीला! कोणी डोकावायचं नाही!"

सगळे खाली मान घालून परत गेले. तिने लगेच ताईला फोन लावला, मी नेमकी तेव्हाच येऊन पोचले होते. मला वाटलं भांडण होणार. ताई म्हणाली, "बरोबर आहे तुझं. हे मला सुचायला हवं होतं." तिने आतल्या बाजूला आणखी एक बटण बसवायला सांगितलं. ते दाबलं की घर थोडा वेळ कोणाला काही सांगत नाही, पण तो वेळ संपला की आत्याने पुन्हा दाबायचं. नाही दाबलं तर भोंगा. आत्या त्याला "मला एकटं सोडा"चं बटण म्हणते. ते फारसं दाबत नाही. पण आहे ना, म्हणते, असलं की बरं वाटतं.

थंडी अगदी कडाक्याची होती तेव्हा मग खरं काय ते झालं. एक दिवस उजाडलं, ऊन वर आलं आणि आत्याचं दार उघडलं नाही. मशीन गप्प, मोटर गप्प. भोंगा वाजला. काकूंकडे किल्ली होती. आत आत्या पलंगावर, अंगात सणकून ताप, उठायला गेली तर तोल जात होता. काकांनी डॉक्टरला आणलं, काकूंनी काहीतरी खायला घातलं, साखर तपासली, आणि मग ताईला फोन गेला. ताई मला नंतर म्हणाली, "फोन वाजला आणि मी हातातलं काम टाकून बाहेर पळाले. उचलला तर पलीकडून आईच ओरडत होती, काकूंवर, दूध जास्त तापवलं म्हणून. मी ऑफिसच्या जिन्यात बसून तो आवाज ऐकत राहिले."

ती लगेच आली नाही. आठवड्याच्या शेवटी आली, आत्या तोपर्यंत खड्ड्यात परतली होती.

ताई ताडपत्रीच्या कडेला बसली. म्हणाली, "आई, माझ्या जिवाला घोर लागला होता. ठरल्याप्रमाणे तू माझ्याकडे यायला हवंस."

आत्याने मशीन थांबवलं. मी दारात उभी.

"पण मला तिथून तुझ्याजवळ पोचायला अर्धा दिवस लागला असता," ताई म्हणाली. "आणि माझ्या फ्लॅटमध्ये तू पडलीस तर मी कामावर, दार बंद, शेजारी कोण आहे ते मला पण माहीत नाही. मी हा सगळा विचार केला. मी तुला नेणार नाही. तू सांगशील तेव्हाच नेईन."

"मी सांगणार नाही," आत्या म्हणाली.

"माहीत आहे."

"पण थोडे दिवस राहायला येईन. तुझ्या शेजारणीचं नाव विचारायला."

ताई हसली आणि रडली, दोन्ही एकदम, आणि आत्याने खड्ड्यातूनच तिला जवळ ओढलं, कापडासकट. मग लगेच, "ऊठ ऊठ, चुरगळेल, गिऱ्हाइकाचा माल आहे."

ताईच्या जायच्या दिवशी राखणदार फाटकापाशी उभा होता. त्याची म्हातारी आई शेतातल्या घरात एकटी असते, तिथे पण असं काही होईल का, असं विचारत होता. ताई पिशवी उघडून नवी डबी काढायलाच निघाली, तर आत्या म्हणाली, "थांब. आधी जाऊन बघू या ती राहते कशी." तिघी आम्ही त्याच्या मागोमाग बांधावरून चालत गेलो. म्हातारी उन्हात बसली होती. ताईने वही काढली आणि विचारलं, "आजी, तुमचं दार दिवसा उघडं असतं की बंद?"

"मला काय माहीत?" म्हातारी म्हणाली. "दार माझी शेळी उघडते."

ताईने आत्याकडे बघितलं, मग आजींच्या शेजारी मांडी घालून बसली. "बरं," ती म्हणाली, "शेळीची वेळ काय असते?"